थायरॉईडची गोळी आणि नखे-त्वचेच्या तक्रारी : दोष नेमका कोणाचा?

थायरॉईडची गोळी घेणारा रुग्ण चिकित्सालयात आला नाही असा दिवस आता क्वचितच जातो. तो बहुधा थायरॉईडसाठी आलेला नसतो. कणीक मळताना नखे तुटतात, नडग्यांवरून कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात, फणीत केसांचे पुंजके येतात, रात्री अंगाला खाज सुटते, अशा तक्रारी घेऊन तो येतो आणि पहिल्याच वाक्यात निदानही सांगून टाकतो : "वैद्यराज, ही गोळी मला सोसत नाही, गरम पडते. ती सोडवा आणि आपले औषध द्या."

ही मागणी ऐकून चिकित्सकाला बरे वाटते, हे मान्य करावयास हवे. रुग्ण विश्वासाने आलेला असतो आणि आपल्या शास्त्राविषयी त्याच्या मनात आदर असतो. परंतु मोठी चूक घडण्याचे स्थानही हेच. ज्याची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली आहे किंवा किरणोत्सारी आयोडीनने निकामी केलेली आहे, त्याच्या शरीरात हा स्राव अन्य कोठूनही येणार नाही. लिव्होथायरॉक्सिनचा रक्तातील अंश निम्मा होण्यास सुमारे सात दिवस लागतात. म्हणून गोळी थांबविल्यावर पहिला आठवडा-पंधरवडा विशेष काही घडत नाही. "बघा, गोळी सोडली आणि काही बिघडले नाही," असे रुग्ण आनंदाने सांगतो. पुढे सूज, जडपणा, मलावरोध, मंद नाडी अशी लक्षणे हळूहळू उभी राहतात. आणि वृद्ध रुग्णास थंडीचे किंवा एखाद्या संसर्गाचे निमित्त मिळाल्यास तो बेशुद्धावस्थेपर्यंत जाऊ शकतो. ही अवस्था प्राणघातक आहे. तुटक्या नखांच्या तक्रारीची ही किंमत कोणालाच परवडणारी नाही.

तेव्हा 'गोळी सोडावी का' हा प्रश्न बाजूस ठेवून 'नख आणि त्वचा नेमके काय सांगत आहेत' हा प्रश्न आधी घ्यावा.

गोळी कोणती?

'थायरॉईडची गोळी' या एकाच नावाखाली परस्परविरुद्ध कार्याची दोन औषधे येतात. पहिले लिव्होथायरॉक्सिन, ते कमी पडलेला स्राव भरून काढते. दुसरा वर्ग कार्बिमाझोल, मेथिमाझोल व प्रोपिलथायोयुरॅसिल यांचा. ही औषधे अतिरिक्त स्रावाला आवर घालतात. रुग्ण दोन्हींना एकच नाव देतो आणि औषधाच्या दुकानातही पुष्कळदा तेच नाव चालते. त्वचेच्या दृष्टीने मात्र दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसऱ्या वर्गातील औषधे खरोखरीच त्वचेवर प्रतिक्रिया उत्पन्न करतात. पहिल्या औषधाकडून ती क्वचित घडते. म्हणून रुग्णाला बाटली किंवा पाकीट प्रत्यक्ष आणावयास सांगावे.

लिव्होथायरॉक्सिन हे शरीरात स्वभावतः असणाऱ्या द्रव्याचेच कृत्रिम रूप असल्याने त्या द्रव्याची स्वतःची असह्यता अत्यंत विरळ. त्याचा त्वचेवरील मूळ परिणाम तर हितकरच आहे. १८९१ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका ४६ वर्षांच्या स्त्रीस टोचला. तोंडावर सूज, कोरडी जाड त्वचा, गळालेले केस अशी तिची अवस्था होती. काही महिन्यांत सूज उतरली, त्वचेला घाम येऊ लागला, केस पुन्हा उगवले. ती स्त्री त्यानंतर सुमारे २८ वर्षे जगली आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या, असे मरे यांनी नंतर नोंदविले आहे. आज तेच काम मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाणारी पांढरी गोळी करते, याचा विसर पडू देऊ नये.

एकच लक्षण, दोन टोके

मग गोळी नियमित घेऊनही नखे का तुटतात? बहुसंख्य रुग्णांत उत्तर एकच असते : मात्रा कमी पडत आहे, किंवा मात्रा पुरेशी असून ती आतड्यातून शोषली जात नाही. त्वचा कोरडी, थंड, फिकट, कधी तळहात पिवळसर. भुवयांचा बाहेरील भाग विरळ. नखे ठिसूळ, उभ्या रेषांची आणि सावकाश वाढणारी. ही सारी स्राव कमी असल्याची चिन्हे आहेत. आपण यास वातकफप्रधान अवस्था म्हणू. सुश्रुताने अस्थिक्षयात सांगितलेला दंत-नखभंग आणि रौक्ष्यही येथे आठवेल.

गंमत अशी, की मात्रा अधिक झाली तरीही नखे आणि केस बिघडतात. परंतु त्या वेळी त्वचा उष्ण, ओलसर व मऊ असते, तळहात लालसर दिसतात, हात थरथरतात, छातीत धडधडते, वजन उतरते आणि झोप उडते. नख तुटण्यापेक्षा ते टोकाकडून सुटते. नखाचा पांढरा भाग मागे सरकत जातो आणि त्याखाली मळ साठतो. याचा आरंभ पुष्कळदा अनामिकेपासून होतो. पाश्चात्त्य वैद्यकात यास 'प्लमर यांचे नख' म्हणतात. रुग्ण 'गरम पडते' म्हणतो तेव्हा त्यास हसून टाळू नये, ते यासाठीच. कदाचित तो अचूक सांगत असतो. रजोनिवृत्त स्त्रीमध्ये अशी अतिमात्रा वर्षानुवर्षे चालू राहिल्यास हाडेही विरळ होतात आणि उतारवयात हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. अशा वेळी मात्रा कमी करण्यासाठी रुग्णास त्याच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठवावे. चिठ्ठी द्यावी, केवळ तोंडी निरोप नको.

सुटलेले नख पाहून 'बुरशी' म्हणून महिनोन्महिने लेप लावले जातात. बुरशीत बहुधा एखाद-दोन नखेच बाधित असतात, ती जाड होतात व त्यांखाली भुसा साठतो. शंका असेल तर नखाचा चुरा तपासून घ्यावा. तपासणी साधी आहे. सुश्रुताच्या क्षुद्ररोगांतील कुनख तर अभिघातजन्य; त्याची गल्लत येथे होऊ नये.

लेखकाची एक चूक

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाकडे एक चाळिशीच्या भगिनी आल्या. लिव्होथायरॉक्सिन चालू होते. नखे ठिसूळ, चेहरा पांढुरका, मासिक स्राव अधिक. पांडुरोग स्पष्ट होता. पुनर्नवा मंडूर आणि प्रवाळ भस्म योजले आणि विसर पडू नये म्हणून सांगितले, "सकाळी थायरॉईडची गोळी घेताच, त्याच वेळी हेही घेत जा." सल्ला मोठ्या आत्मविश्वासाने दिलेला होता.

दोन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा थकवा वाढला होता, त्वचा अधिक कोरडी झाली होती आणि टीएसएच वर गेल्यामुळे त्यांच्या डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढविली होती. "गोळी वाढवली आणि नखे आणखीच तुटू लागली," अशी त्यांची तक्रार. मध्यंतरी नात्यातील कोणी केस आणि नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. पुढच्या तपासणीत टीएसएच एकदम तळाला आणि टी-४ वर! अहवाल पाहून थायरॉक्सिनची मात्रा निम्मी करण्यात आली. रुग्णा मात्र पूर्वीसारखीच थंडीने कुडकुडत होती, नाडी मंद होती, मलावरोध होता. अहवाल एक सांगत होता आणि शरीर दुसरे. शेवटी घरातील सगळी औषधे पिशवीत घालून आणावयास सांगितली, ती टेबलावर मांडली, तेव्हा कोडे सुटले. त्यात गोळीचा दोष कोठेच नव्हता. एक दोष बायोटिनचा होता आणि दुसरा लेखकाचा.

लोहाची गोष्ट आधी. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थायरॉक्सिन स्थिर मात्रेत घेणाऱ्या १४ रुग्णांना त्याच वेळी ३०० मिलिग्रॅम फेरस सल्फेट १२ आठवडे देण्यात आले. सरासरी टीएसएच १.६ वरून ५.४ पर्यंत चढला. लोह आणि थायरॉक्सिन आतड्यात एकमेकांशी बांधले जातात आणि ते संयुग शोषले जात नाही. कॅल्शियम कार्बोनेटविषयीही असेच निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. आता आपले कपाट आठवावे : लोह भस्म, मंडूर भस्म, नवायस, ताप्यादि लोह, तसेच शंख, कपर्दिका, शौक्तिक, मुक्ता, प्रवाळ ही सुधावर्गातील, म्हणजे कॅल्शियमचीच, द्रव्ये. भस्मातील लोह फेरस सल्फेटहून रूपाने वेगळे आहे, हे खरे. परंतु केवळ त्या भेदावर विसंबून रुग्णाची गोळी वाया घालविण्याचे कारण नाही, कारण उपाय अत्यंत सोपा आहे. दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे.

आपल्याकडे औषधकालाचा विचार इतका सूक्ष्म आहे, की खरे तर ही चूक आपल्या हातून होऊच नये. थायरॉक्सिनची गोळी निरन्न, म्हणजे अभक्त काळी, पाण्याबरोबर घ्यावयाची असते. चहा, कॉफी, न्याहारी त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. तो काल तिच्यासाठी मोकळा सोडावा. लोह व सुधाकल्प दुपारच्या किंवा सायंकाळच्या भोजनाशी जोडावेत. इसबगोल व अन्य तंतुमय चूर्णे रात्री द्यावीत. बाजारातील आम्लपित्ताच्या ॲल्युमिनियमयुक्त औषधांनाही हाच नियम लागू आहे. रुग्ण ती 'औषध' म्हणून सांगतच नाही. मुद्दाम विचारावे लागते.

येथे एक दुष्टचक्र लक्षात घेण्यासारखे आहे. स्राव कमी असलेल्या स्त्रीस रजःस्राव अधिक होतो, त्यातून पांडुत्व येते, पांडुत्वाने नखे ठिसूळ, क्वचित चमच्यासारखी खोलगट होतात. त्यासाठी लोह दिले जाते, आणि लोह चुकीच्या वेळी दिल्यास मूळ गोळीच निष्प्रभ होते. म्हणून केवळ टीएसएच पाहून भागत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन आणि शक्य असल्यास फेरिटिन यांची नोंद हवी.

बायोटिनचा फसवा अहवाल

बायोटिनचा प्रकार निराळाच. ते गोळीच्या कार्यात ढवळाढवळ करीत नाही, तपासणीत करते. थायरॉईडच्या रक्तपरीक्षणाच्या अनेक पद्धतींत बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन यांच्या घट्ट बंधाचा उपयोग केलेला असतो. रुग्णाच्या रक्तातच बायोटिन मुबलक असेल तर ही यंत्रणा फसते. अशा पद्धतींत टीएसएच खोटा कमी आणि टी-३, टी-४ खोटे अधिक दिसतात. निरोगी व्यक्तीचा अहवालही अतिस्रावाचा वाटू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला. प्रौढास दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. 'केस-त्वचा-नखे' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असते. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस ते बंद ठेवावे, अशी अमेरिकन थायरॉईड संघटनेची सूचना आहे.

औषधविक्रेत्या बंधूंना येथे विशेष विनंती आहे. हे पूरक चिठ्ठीशिवाय विकले जाते आणि ते विकत घेणारी व्यक्ती बहुधा थायरॉईडचीच रुग्ण असते, कारण केस-नखांची तक्रार तिलाच अधिक. "थायरॉईडची गोळी चालू आहे का? तपासणी कधी आहे?" एवढे दोन प्रश्न दुकानात विचारले गेले तर पुढचा बराच घोटाळा टळेल.

आपली द्रव्ये

गळ्याच्या ग्रंथीचे नाव निघाले की शार्ङ्गधरोक्त कांचनार गुग्गुळाकडे आपला हात आपोआप जातो. गुग्गुळाविषयी एक नोंद सर्वांनी ठेवावी. २००३ साली अमेरिकेतील 'जामा' या नियतकालिकात कोलेस्टेरॉलसाठी गुग्गुळाच्या प्रमाणित अर्काची १०३ व्यक्तींवरील चाचणी प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांत गुग्गुळ घेणाऱ्यांपैकी ६ जणांच्या अंगावर पुरळ उठले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत एकाच्याही नाही. तो अर्क होता, आपला शोधित गुग्गुळाचा कल्प नव्हे, हे खरे. तरीही दोन्ही औषधे घेणाऱ्या रुग्णास कोठ उठला तर प्रथम संशय वर्षानुवर्षे चाललेल्या थायरॉक्सिनवर न घेता नव्याने सुरू केलेल्या गुग्गुळावर घेणे तर्काला धरून आहे.

अश्वगंधेचेही तसेच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात टीएसएच किंचित वाढलेल्या ५० व्यक्तींपैकी ज्यांना रोज ६०० मिलिग्रॅम मूलाचा अर्क आठ आठवडे दिला, त्यांचा टीएसएच उतरला आणि टी-३, टी-४ वाढले. ही आपल्यासाठी आनंदाची वार्ता खरी. परंतु जी वनस्पती स्राव वाढविते, ती पूर्ण मात्रेत थायरॉक्सिन घेणाऱ्यास अतिमात्रेकडे ढकलू शकते आणि अतिस्रावाच्या रुग्णास तर देऊच नये. अश्वगंधेनंतर अतिस्रावाची लक्षणे उद्भवल्याचे रुग्णवृत्तान्तही प्रसिद्ध आहेत. रसायन देताना सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहण्याची शिस्त आपणच पाळावयास हवी.

गोळीतील इतर पदार्थ आणि साठवण

थायरॉक्सिन निर्दोष असले तरी गोळी म्हणजे केवळ थायरॉक्सिन नव्हे. काही मायक्रोग्रॅमचा डोलारा उभा करण्यासाठी लॅक्टोज, स्टार्च, काही उत्पादनांत अकेशियाचा डिंक व रंग मिसळलेले असतात. गोळीनंतर ठरावीक वेळात गांधी उठत असतील, विशेषतः उत्पादक किंवा मात्रा बदलल्यावर त्या सुरू झाल्या असतील, तर हा विचार करावा. अमेरिकेत प्रत्येक मात्रेस वेगळा रंग असतो. ५० मायक्रोग्रॅमची गोळी रंगविरहित असल्याने रंग न सोसणाऱ्यास तीच हव्या त्या संख्येने देण्याची पद्धत तेथे आहे. आपल्याकडेही पाकिटावरील रंगाचा उल्लेख वाचून डॉक्टरांच्या संमतीने पर्याय निवडता येतो. औषध तेच राहते, फक्त वाहक बदलतो.

थायरॉक्सिन उष्णता, प्रकाश आणि आर्द्रता यांनी क्षीण होते. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या छपराखालील दुकान, कोकणात पावसाळाभर उघडझाप होणारी बाटली, स्वयंपाकघरातील गॅसजवळची फळी, या सर्व ठिकाणी गोळीचा गुण उणावतो. बाटलीतून गोळ्या काढून कागदाच्या पुडीत देणे सोडावे. तसेच एका उत्पादकाची गोळी संपली म्हणून न सांगता दुसऱ्याची देऊ नये. अगदी अल्प फरकानेही टीएसएच हलतो. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली या गोळीच्या गुणाची मर्यादा ९०–११० टक्क्यांवरून ९५–१०५ टक्क्यांवर आणली.

जेथे थांबणे धोक्याचे

कार्बिमाझोल घेणाऱ्या रुग्णाचा विचार मात्र वेगळ्या गतीने करावा. पहिल्या काही आठवड्यांत खाज, पुरळ किंवा शीतपित्तासारख्या गांधी उठणे यात नवल नाही; सौम्य असल्यास त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध चालू ठेवूनही त्या शमतात. परंतु पुरळाबरोबर किंवा पुरळाशिवायही ताप, घसा दुखणे, तोंडात व्रण असे काही दिसले तर तो साधा प्रतिश्याय समजून सितोपलादि देऊन तीन दिवस वाट पाहू नये. या औषधांनी क्वचित, हजारात दोन ते पाच रुग्णांत, संसर्गाशी लढणाऱ्या श्वेतकणांचा जवळजवळ लोप होतो, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. पुढील मात्रा रोखावी, त्याच दिवशी रक्तकणगणना करावी आणि रुग्णास रुग्णालयात पाठवावे. प्रोपिलथायोयुरॅसिल घेणाऱ्याच्या पायांवर किंवा कानाच्या पाळीवर दाबून न जाणारे जांभळे डाग दिसले, सांधे दुखू लागले, तर तो रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. त्वचा व डोळे पिवळे झाले तर यकृताकडे लक्ष द्यावे. ही खरीखुरी औषधजन्य त्वचालक्षणे होत, आणि येथे लेप-तेलांत वेळ दवडणे हा अपराध ठरेल.

काही रुग्णांत दोष ना गोळीचा, ना मात्रेचा. ज्या रोगप्रतिकार-विकृतीने ग्रंथी बिघडते, तीच विकृती श्वित्र, इंद्रलुप्त आणि दीर्घकालीन शीतपित्त यांच्याही मुळाशी असू शकते. टीएसएच उत्तम असूनही केसांत रुपयाएवढी चाई पडत असेल तर थायरॉक्सिन वाढवून ती भरणार नाही. तेथे स्वतंत्र चिकित्सा करावी, आणि तेथे आपल्याला वावही पुष्कळ आहे.

किती वाट पाहावी?

मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिर होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. नखाला त्याहून कितीतरी अधिक. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे संपूर्ण नवे नख येण्यास सहा महिने. पायाच्या अंगठ्यास वर्ष ते दीड वर्ष. केसगळती तर कारण घडल्यावर दोन-तीन महिन्यांनी दिसते, आणि गोळी सुरू केल्यावर आरंभीच्या काळात जुने केस गळून पडल्याने ती वाढल्यासारखीही वाटते. रुग्ण नेमका याच टप्प्यावर गोळी सोडतो. हा हिशेब त्यास पहिल्याच दिवशी सांगितला तर तो टिकून राहतो. तोवर अभ्यंग, नखांना रात्री तिळतेल किंवा तूप, भांडी-धुण्याच्या वेळी हातमोजे, आहारात तीळ, नाचणी, डाळी ही योजना करावी. नाचणीची पेज मात्र गोळीबरोबर नको.

वर सांगितलेल्या भगिनींचे बायोटिन बंद केले, मंडूर आणि प्रवाळ दुपारच्या जेवणानंतर दिले आणि सर्व औषधांची यादी व वेळा लिहून ती त्यांच्या डॉक्टरांना पाठविली. त्यांनी तपासणी पुन्हा करवून मूळ मात्रा कायम केली. नवे नख तळाशी गुळगुळीत येऊ लागले, तेव्हा तेथवर जुने आणि येथून नवे अशी रेघ स्पष्ट दिसत होती. सातव्या महिन्यात ती रेघ बोटाच्या टोकाला पोहोचली आणि नखाबरोबर कापली गेली. गोळी अजूनही चालू आहे.